आईसाठी आणलेली फ्रेम

दूर देशातल्या युद्धात इस्पितळावर बॉम्ब पडला आणि तिथे नर्स असलेली तिची आई गेली. महिन्याभराने ती ऑफिसात आली, तर सगळ्यांचे डोळे सुजलेले. आपल्यासाठीच, असं वाटून तिला भरून आलं. जिवलग मैत्रीण गळ्यातच पडली. “आपला भुऱ्या गेला गं! गाडीखाली आला.” भुऱ्या म्हणजे ऑफिसचा लाडका कुत्रा. तेवढ्यात मैत्रिणीला तिच्या पिशवीतली नवीकोरी फ्रेम दिसली. “अगंबाई, त्याच्यासाठी फ्रेमसुद्धा आणलीस?” “आईच्या फोटोला आणलीये.” “हो गं, मावशींचं वाईटच झालं. पण तिकडे माणसं रोजच मरतात. भुऱ्याला आम्ही तडफडताना पाहिलंय. आज दे, मावशींसाठी दुसरी आणू.” याच मैत्रिणीच्या टायफॉइडमध्ये आई रात्रंदिवस उशाशी बसली होती. तिला हे आठवेपर्यंत मैत्रिणीने पिशवीतली फ्रेम काढून त्यात भुऱ्याचा फोटो बसवलाही. “सरळ लागलाय ना?” “लागलाय,” ती म्हणाली. “माझ्या आईला यापुढे मावशी म्हणू नकोस.”