आवरलेलं दुकान

बँकेच्या बाई दारातच थांबल्या आणि वाकून चपला काढू लागल्या. गाद्यांच्या त्या दुकानात आजवर कुणी चपला काढल्या नव्हत्या. गादीवाल्याच्या बायकोला वाटलं, चला, निम्मं काम तर इथेच झालं.

कालचा अख्खा दिवस तिने आवरण्यात घालवला होता. पंख्याच्या पात्यांवरचा कापसाचा थर खरवडून काढला, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, फरशी घासून घासून तिचा मूळ रंग शोधून काढला. कापसाची पोती गेली स्वयंपाकघरात, अर्धवट शिवलेल्या गाद्या शेजारच्या शिंपिणीच्या पलंगाखाली, आणि पिंजायच्या जुन्या यंत्रावर कपाटातली ठेवणीतली चादर. नवऱ्यालाही तिने सोडलं नव्हतं. एरवी कापसाने भुवयांपर्यंत पांढरा असणारा माणूस आज चोपून भांग पाडून, इस्त्रीच्या शर्टात असा अवघडून उभा होता, की बाई त्यालाच बघायला आल्या आहेत असं वाटावं.

आल्या होत्या बघायलाच, पण दुकान. नव्या यंत्रासाठी कर्ज द्यायचं की नाही, ते बाई काय लिहितात त्यावर ठरणार होतं. वसतिगृहाच्या गाद्यांचं मोठं काम चालून आलं होतं, आणि जुनं यंत्र घटकाभर चालायचं नि घटकाभर रुसायचं. कर्ज मिळालं नाही तर काम हातचं जाणार, दुकानाला कुलूप लागणार, आणि नवरा मेहुण्याच्या गोदामावर राखणदार म्हणून उभा राहणार. मेहुणा म्हणजे तिचाच भाऊ, माणूस चांगला. तरी नवऱ्याने त्याच्या दारात उभं राहावं, हे तिला नको होतं.

बाई वयाने लेकीएवढ्या. अंगात निळा कोट, हातात कागद, प्रवासाने उतरलेला चेहरा. त्या खोलीभर फिरल्या, भिंतीवर बोट ओढलं आणि त्या स्वच्छ बोटाकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग चाचरत विचारलं,

"काका, दुकान कधीपासून बंद आहे?"

गादीवाल्याला प्रश्नच कळेना. बंद कशाला असेल, तो म्हणाला, रोज तर चालतं. असेलही तसं, बाई म्हणाल्या, पण मला दिसतं तेच लिहावं लागतं, आणि इथे काम चालत असल्याची एक खूण मला दिसत नाही. बोलताना त्यांचं त्यांनाच वाईट वाटत होतं.

बायकोला आत्ता उमगलं. आपल्याच हातांनी आपण या माणसाची उभी हयात झाडून कचऱ्यात टाकून आलो. तो बिचारा काल म्हणतही होता, अगं राहू दे, दुकान आहे, दवाखाना नाही. तिनेच त्याला गप्प बसवलं होतं. आता हा बोलणार, आणि त्याने बोलावंच, असं तिला वाटलं. नवऱ्याकडे बघायचा तिला धीर होईना.

तो बोलला, पण बाईंशी.

"हिचं काही चुकलं नाही, मॅडम. आमच्याकडे बँकेतलं कुणी कधी आलंच नव्हतं. पाहुणे यायचे म्हणून आवरलं तिने."

मग त्याने इस्त्रीच्या बाह्या कोपराच्या वर सारल्या, ठेवणीतली चादर ओढून काढली आणि बायकोला पोतं आणायला सांगितलं.

ती पोतं ओढत घेऊन आली तोवर त्याने बटण दाबलं होतं. यंत्र घुरघुरलं आणि बसलं. पुन्हा दाबलं, पुन्हा बसलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. तेव्हा ती पुढे झाली आणि यंत्राच्या डाव्या कुशीत गुडघ्याचा एक असा ठेवून दिला, की ते खडबडून जागं झालं.

मग काय विचारता! तो मुठी भरभरून कापूस आत सारत होता, ती पलीकडून फुललेला ढीग ओढून घेत होती, आणि कुणाला काय करायचं ते सांगावं लागत नव्हतं. कापूस उडाला. पंख्यावर बसला, भिंतींवर बसला, चोपलेल्या भांगात बसला. बघता बघता तिला नवरा ओळखीचा दिसू लागला. बाईंना शिंकांवर शिंका आल्या, आणि शिंकता शिंकता त्या हसू लागल्या. तेवढ्यात शेजारची शिंपीण आली. यंत्राचा आवाज ऐकून तिला वाटलं, पाहुणी गेली. तेव्हा पलंगाखालच्या गाद्या एकेक करून तिने दाराशी आणून टाकल्या, आणि वर, माझी खोली मोकळी झाली एकदाची, असंही म्हणाली. बाईंनी प्रत्येक गादी दाबून पाहिली आणि कागदावर बराच वेळ लिहिलं.

यंत्राचा पट्टा निसटला आणि ते थांबलं. बाई म्हणाल्या, मी पाहिलं ते लिहिलंय, पण हो की नाही ते वरचे लोक ठरवतात, आणि ते काही इकडे येत नाहीत. एवढं सांगून त्यांनी चपला घातल्या आणि त्या पायरी उतरल्या.

निळ्या कोटाच्या खांद्यांवर, पाठीवर नुसता कापूस होता. झटकायला बायकोचा हात सवयीने पुढे गेला. नवऱ्याने तो वरच्यावर धरला.

"राहू दे," तो हळूच म्हणाला. "तेवढा तरी वरपर्यंत पोचू दे."

बाईंनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी कोट झटकला नाही, आणि तोवर त्यानेही तिचा हात सोडला नाही.