असे आढळून आले

दाजींनी अहवालाचं शेवटचं पान वाचलं आणि ते पुन्हा पहिल्या पानावर आले. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. वेल्डिंगच्या उजेडाने डोळे अधू झालेले, म्हणून कागद अगदी नाकाशी धरला होता.

समोर त्यांचा मेहुणा बसला होता. दोघं एकाच प्रशिक्षण संस्थेत शिकवायचे, दाजी वेल्डिंग आणि मेहुणा वायरिंग. मेहुण्याला तिथे चिकटवलं होतं ते दाजींनीच. यंदा संस्थेने सगळ्या शिक्षकांना लेखनकौशल्याचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. आपण कसं शिकवतो यावर निबंध लिहायचा, पुस्तकांचे संदर्भ द्यायचे, तळटिपा जोडायच्या. मेहुणा पहिला आला आणि त्याच अभ्यासक्रमाचा समन्वयक झाला. दाजी दोनदा नापास झाले. लिहिलं जेमतेम पानभर, आणि वर भर वर्गात त्या तळटिपांची टिंगल केली.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मेहुण्याचाच निबंध उतरवून दिला. वायरिंगच्या जागी वेल्डिंग घातलं. एका ठिकाणी घालायचं राहिलं, आणि निबंधात वेल्डिंगच्या वर्गातली मुलं मध्येच वायर सोलायला लागली. प्राचार्यांनी दोन्ही निबंध शेजारी शेजारी ठेवले आणि चौकशीचा अहवाल लिहायचं काम समन्वयकाकडेच दिलं.

"छान लिहिलंयस," दाजी म्हणाले. "कुठे खाडाखोड नाही."

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. टेबलावर कागद पसरलेले बघून तिला बरं वाटलं. तू बसलायस म्हटल्यावर या वेळी हे पास होणारच, असं ती भावाला म्हणाली. नवऱ्याला बजावलं की त्याच्याशी हुज्जत घालू नका, तो सांगेल तसं लिहा. दाजींनी मान डोलावली. ती आत जाईपर्यंत दोघं आपापल्या कपाकडे बघत राहिले.

"तिला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल."

दाजींनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि ती दबक्या आवाजात वाचली. सदर प्रशिक्षकाने सहकाऱ्याचा निबंध त्याच्या नकळत मिळवून स्वतःच्या नावे सादर केल्याचे आढळून आले आहे.

"नकळत?"

निबंध मेहुण्यानेच आणून दिला होता, याच टेबलावर. ताईने फोन करकरून गळ घातली होती. धंद्याचे शब्द तेवढे बदला, बाकी कोण वाचतंय, असंही तो म्हणाला होता. पण तुमचा निबंध यांच्या हाती लागला कसा, असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं की आमचं एकमेकांच्या घरी जाणंयेणं असतं. प्राचार्यांनी समजायचं ते समजून घेतलं. त्याने ते दुरुस्त केलं नाही.

"मी दिला असं लिहिलं तर दोघंही जाऊ, दाजी. एकाने तरी आत राहायला हवं. ताईच्या दृष्टीनेच बोलतोय मी."

"आणि हे आढळून कोणाला आलं?"

"तसंच लिहायचं असतं. अहवालात 'मी' येत नाही."

"बरं आहे की मग."

पुढे काय होईल ते दाजींनी विचारलं. मेहुण्याने सगळं नीट सांगितलं. अहवाल वर गेला तर काढून टाकतील, आणि नंतर दुसरीकडे कुठे उभंही करणार नाहीत. पण त्याआधी राजीनामा दिला, तर प्राचार्य अहवाल दाबून ठेवायला तयार आहेत. तसं त्यांनीच सुचवलंय. दाजींची इतकी वर्षं झाली, म्हणून एवढी सवलत.

चहावर साय धरली. दाजींनी ओरडावं, कप आपटावा, निदान ताईला बाहेर बोलवावं, असं मेहुण्याला फार वाटत होतं. म्हणजे मग त्यालाही आवाज चढवता आला असता. पण दाजी उठले, कपाटातून एक कोरा कागद काढला, पेन झटकून चालतंय का पाहिलं आणि परत येऊन बसले.

"राजीनाम्यात चालतो का 'मी'?"

"चालतो," मेहुणा म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "तिथे 'मी'च लागतो."

"मग सांग."

तो सांगू लागला. मी खाली सही करणार. घरगुती अडचणींमुळे. कोणाच्याही दबावाशिवाय. दाजी एकेक अक्षर कोरून काढावं तसं लिहीत होते. 'स्वेच्छेने' या शब्दापाशी पेन थांबलं. हे कसं लिहायचं, त्यांनी विचारलं. मेहुण्याने अहवालाच्या कोपऱ्यात तो शब्द लिहून दाखवला. दाजींनी तो बघून बघून उतरवला.

ताई पदराला हात पुसत दारात येऊन उभी होती. नवरा मान खाली घालून लिहितोय, भाऊ सांगतोय, हे ती जरा वेळ बघत राहिली.

"बघा," ती म्हणाली, "मनावर घेतलं की येतं की नाही लिहायला?"