गाठ
चितेगावच्या माळावर प्लॉट पडले, गवत दुष्काळानं खाल्लं आणि मुंजाबाच्या मेंढ्या दोन दिवस वाघरीच्या जाळीत उपाशी होत्या. शेजारच्या शेतमालकानं चरायला सोडलेली बीटी कपाशी हिरवी होती, पण तसलीच खाऊन गेल्या साली चुलत्याच्या चार मेंढ्या मेल्या होत्या. विद्यापीठात शिकणारी लेक दिपाली म्हणाली, “आबा, हे बियाणं करताना एक एन्झाइम कात्रीगत डीएनए कापतं, दुसरं नवा तुकडा जोडतं. त्या तुकड्यानं अळी मरते, मेंढी नाय.” “जोडलं, तर गाठ कुठं?” “राहतच नाय.” न दिसणाऱ्या गाठीवर मुंजाबाचा विश्वास नव्हता. “मग तूच सोड मेंढ्या.” दिपालीनं जाळीची गाठ सोडली, कपाशीचं पान चुरगाळून हुंगलं आणि गाठ पुन्हा आवळली. “बियाण्यात खोट नाय. पण पानाला फवारणीचा वास येतोय.” पोरीच्या डोळ्यांत आपलाच संशय बघून मुंजाबाचा तिच्या शिकण्यावर पहिल्यांदा विश्वास बसला.