नळापासून कूलरपर्यंत

जयवंताबाईंचा उजवा खांदा दर उन्हाळ्यात धरायचा. मारोतरावांनी बायकोसाठी डॉक्टर बदलले, एक्स-रे काढला, मलमं आणली. “वय झालं वं आता आपलं,” असं म्हणून ते कूलरसमोर आडवे व्हायचे. यंदा ऐन मे महिन्यात बाई बेसाला, लेकीकडे, मिनलच्या घरी राहायला गेल्या आणि त्याच दुपारी कूलर नुसती गरम हवा फेकू लागला. टाकी कोरडी पडली होती. ती रोज रिकामी होते, हे मारोतरावांना आजवर कळलंच नव्हतं. अंगणातल्या नळावर बादल्या भरून ते खिडकीच्या उंचीवर उचलून ओतू लागले. टाकी अर्धीही झाली नाही तोच त्यांचा उजवा खांदा चमकला. बाई हात ठेवून दाखवायच्या, नेमका तिथंच. ते पायरीवर टेकले. समोर नळाशेजारी खिळ्याला पाईप गुंडाळून टांगलेला होता. दर रविवारी ते त्यानं स्कूटर धुवायचे. त्यांनी फोन लावला. “अवं, कूलरमधी पाणी तू बादलीनं काहून भरत होती? पाईप नाही का घरात?” “तुम्हीच तं म्हटलं होतं, तो गाडी धुवाचा आहे, ओढताण केली तं फाटन म्हणून,” बाई सहज म्हणाल्या. “मिनल शाळेत होती तेव्हा.” मारोतरावांना ते आठवेना. पलीकडे नातू रडू लागला, तसा बाईंनी फोन ठेवला. मारोतरावांनी खिळ्यावरचा पाईप काढला, नळाला लावला आणि कूलरपर्यंत ओढत नेला. तो टाकीत पोचला, तरी हातभर उरला.