तिसरा ठोका

फाउंड्रीतले चाळीसही जण भूपालमामांसारखीच हातोडी धरत. मामांचं सगळं कसब तारा जोडलेल्या एका टोपीत उतरवून घेतलं होतं. नवा माणूस ती टोपी तासभर डोक्यावर ठेवी आणि कास्टिंगमधला, म्हणजे ओतीव भागातला, तडा आवाजावरून ओळखू लागे. दोन ठोके, मग तिसरा, मग मान तिरकी करून थांबायचं.

तरी हल्ली तडे गेलेला माल गिऱ्हाइकाकडून परत येत होता.

“मामा, तिसरा ठोका कशासाठी?” इंजिनियर ऋजुताने विचारलं. “कुणालाच सांगता येत नाही. टोपीतून काढून टाकू?”

“तो माझ्या जोडीदारासाठी हाय, हुसेनसाठी. तो कास्टिंगच्या पलीकडं उभा राहायचा. माझा तिसरा ठोका म्हणजे, मला ठीक वाटतंय, तुझं काय? त्याला पटलं तर पलीकडनं एक ठोका यायचा. नाही आला, तर माल बाजूला. माझ्या कानातनं निसटलेले कितीतरी तडे त्यानं धरलेत.”

“मग त्यांचं कसब का नाही घेतलं?”

“साहेब म्हणाले, एका कामाला दोन माणसं कशाला? माझं घेतलं, त्याला घरी बसवलं. गेल्या साली वारला.”

“उत्तराचा ठोका तुम्हीच शिकवा ना.”

“मला विचारायचं तेवढं येतंय, बाई. उत्तर त्याच्याकडं होतं.”

जेवणाची सुट्टी संपली. शेडभर तिसरे ठोके पडू लागले, आणि एकेक जण पलीकडच्या मोकळ्या जागेकडे कान देऊन थांबू लागला.

मामांनीही कान दिला.