हमदमचा नान

ज्या वर्षी थोरल्या मुकर्रमचं लग्न झालं, त्या वर्षी धाकटा हमदम फौजेत होता. निघताना त्याने एक चावा घेतलेला नान आईने, सालोमतने, खुंटीला टांगला होता. तो नान जपला की माणूस सुखरूप परततो, आणि परत येऊन तो त्यानेच संपवायचा, अशी रीत. लग्नात जादूगार एर्गशने खेळासाठी नान मागितला आणि विहिणीने घाईत तोच काढून दिला.

सकाळी सालोमतला खुंटीवर अख्खा नान दिसला. खेळात चावलेला नान अख्खा करून दाखवताना एर्गशने दुसराच नान पुढे केला होता आणि खरा बाहीत सारून तो निघून गेला होता. ती गावभर विचारत सुटली, "एर्गशचा खेळ आज कुठे आहे?"

"काल अंगणात बघून हौस फिटली नाही का, आपा?" चहावाला हसला. "मर्गिलानच्या बाजारात बघा."

गर्दीत घुसून तिने एर्गशची बाही धरली. "माझ्या पोराचा नान दे!"

एर्गशचा चेहरा उतरला. "लग्नातला उरलेला तुकडा समजलो, आपा. वाटेत चहात बुडवून खाल्ला."

"तो त्याने खायचा होता रे!"

एर्गशने रुमाल घडी करून खिशात ठेवला. "मग त्याच्या वाट्याला जे काही यायचं असेल, ते माझ्यावर. जा घरी."

हमदम वसंतात धडधाकट परतला. एर्गश त्याआधीच, पहिला बर्फ पडला त्या दिवशी, वारला.