दुबार नोंद

रुग्णालयाने नेत्ररोपणाची प्रतीक्षायादी संगणकावर घेतली, ते साल २००२ होते. एकच फोन क्रमांक दोनदा आला, तर दुसरी नोंद दुबार समजून काढायची, असा नियम ठरला. कागलच्या अण्णासोंनी आणि शेजारच्या तानूबाईंनी, घरी फोन नसल्याने, जिनपालच्या किराणा दुकानाचा नंबर दिला होता. यादी भरणाऱ्या श्रुतीने नियमाप्रमाणे तानूबाईंचे नाव पुसले.

वर्षभराने दुकानात फोन वाजला.

"अण्णासो आहेत का?" श्रुतीने विचारले.

"दिवाळीतच वारलं की, ताई."

"बरं," म्हणून तिने यादीतला पुढचा नंबर फिरवला.

दुकानाच्या पायरीवर रोज येऊन बसणाऱ्या तानूबाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "माझा हुता काय रं?"



"न्हाय मावशी, अण्णासोला हुता. तुमचाबी यील की."